फादर बाखर यांस पत्र: आमच्या शेळ्या विकाव्या लागल्या, त्याबद्दल आभार

आदरणीय फादर हर्मन बाखर यांस,
सा. न. वि. वि.

आपण २०२१ साली हे जग सोडून गेलात, तेव्हा हे पत्र आपल्या हाती पडणार नाही, हे मी जाणतो. तरीही नगर जिल्ह्यातल्या ज्या घरांत आपल्याला ‘बाखर बाबा’ म्हणत, त्यांतल्या एका घराने आपले आभार मानायचे राहून गेले आहे.

येशूसंघाचे सदस्य म्हणून आपण १९४८ साली स्वित्झर्लंडहून भारतात आलात आणि पुढची कित्येक दशके आमच्या या पर्जन्यछायेच्या मुलखात काढलीत. धर्मगुरूने दुष्काळात धान्य वाटावे, आजाऱ्याला औषध द्यावे, एवढीच लोकांची अपेक्षा असते. आपण मात्र डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी जिरवायला निघालात. जर्मनीच्या मदतीने आणि नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या साथीने उभा राहिलेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम, पुढे १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह स्थापन केलेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, हे सर्व त्यातूनच आले.

पण मला आभार मानायचे आहेत ते आपल्या अटींचे. गावाने श्रमदान करावे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी, तरच काम सुरू होईल, असा नियम होता. भूमिहीनांना आणि एकट्या बाईच्या गरीब घराला श्रमदानातून सूट होती, यावरून अटी घालणाऱ्याला गाव किती बारकाईने ठाऊक होते, ते कळते. चराईबंदी मात्र सर्वांनाच होती. माझ्या आजीच्या अकरा शेळ्या होत्या, आणि अडीनडीला विकता येईल असे दुसरे काहीही आमच्याकडे नव्हते. ठराव झाला, शेळ्या बाजारात गेल्या, आणि त्या रात्री आजीने आपल्याला जे शब्द वापरले, ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. खरे सांगायचे तर अशा अटीचा पहिला फटका गरिबालाच बसतो, आणि तो आम्हाला बसला.

तीच आजी पुढे आईबरोबर माळावर सलग समतल चर, म्हणजे उतारावर पाणी अडवून जिरवणारे एकाच पातळीतले लांब चर, खणायला गेली. तीन काठ्यांचा घोडा आणि मधोमध दोरीला लटकवलेला दगड, एवढ्या साधनाने समपातळी रेषा आखायची, फक्कीने खूण करायची आणि टिकाव घालायचा. मी घोड्याचा एक पाय धरून ठेवत असे, आणि दगड स्थिर होईपर्यंत कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नसे.

आमच्या विहिरीत कायम सोडलेल्या एका दोराला आजी दर उन्हाळ्यात, पाणी जिथवर असेल तिथे, गाठ मारीत असे. काम झाल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात ती गाठ मारताना मी जवळ उभा होतो. जुन्या गाठी ओल्या झाल्या होत्या आणि नवी गाठ त्यांच्या बरीच वर आली होती. त्या वर्षापासून वडील ऊसतोडीला गेले नाहीत, आणि माझी शाळा दिवाळीनंतर सुटली नाही.

पुढे आजीने दोन शेळ्या घेतल्या, दावणीला बांधून, कापून आणलेल्या गवतावर पोसल्या. त्यांना झालेल्या पहिल्या पाटीचे, म्हणजे मादी करडाचे, नाव तिने ‘बाखरी’ ठेवले. हे नाव प्रेमाने ठेवले की जुन्या रागाने, हे तिने आम्हाला कधीच सांगितले नाही.

आपला कृतज्ञ,
नगर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा