जपानी मोबाईलचं कौतुक अर्धंच नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जपानचा विषय निघाला की आपल्याकडे शिस्त, मेहनत आणि बुलेट ट्रेन, बास. मोबाईलचं निघालं तरी "ते पुढेच असतात हो" म्हणून विषय संपतो. मी नोकरीनिमित्त काही वर्षं टोकियोत होतो, आणि माझं मत असं की तिथला मोबाईल धंदा ज्या कारणाने वाढला त्याच कारणाने पुढे तुंबला, आणि ते कारण म्हणजे सगळी सूत्रं नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीच्या हातात.

एनटीटी या तिथल्या तेव्हाच्या सरकारी टेलिफोन कंपनीने 1979 मध्ये टोकियोत कारफोन सुरू केला, पण फोन विकत मिळायचाच नाही, भाड्याने घ्यायचा. 1994 ला हँडसेट स्वतःचा घ्यायची मुभा मिळाली तेव्हा कुठे सामान्य माणूस या भानगडीत पडला. मग 1999 च्या फेब्रुवारीत एनटीटीच्याच मोबाईल कंपनीचं, म्हणजे डोकोमोचं, आय-मोड आलं, म्हणजे फोनवरच इंटरनेट, आणि खरी अक्कल इथे दिसते. आपल्याकडे तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे आणि तिथे लोक फोनवर हवामान, ट्रेनचं टाइमटेबल, बँकेचं खातं बघत होते. पैसे किती वेळ बघितलं त्याचे नाही, किती डेटा आला त्याचे. आणि साइटवाल्याची महिन्याची फी डोकोमो स्वतःच्या बिलातच वसूल करायची, त्यातले फक्त 9 टक्के ठेवून बाकी सगळे साइटवाल्याला! आजचे अॅप स्टोअरवाले 30 टक्क्यांपर्यंत घेतात हे लक्षात घ्या. त्यामुळे छोट्या छोट्या कंपन्यांनी रिंगटोन, गेम, राशीभविष्य असलं काय काय विकून पैसा केला. आपण दिवसभर व्हॉट्सअॅपवर टाकतो त्या इमोजींमधला एक जुना गाजलेला संचसुद्धा तिथलाच, 176 चित्रांचा.

2000 ला जे-फोन या दुसऱ्या मोबाईल कंपनीने शार्पचा कॅमेरावाला फोन आणला, 2001 ला डोकोमोचं 3जी आलं. आपल्याकडे 3जी उगवलं 2008 च्या शेवटी, तेही आधी सरकारी कंपनीकडे.

पण हँडसेट कसा असावा, त्यात कुठलं बटण असावं हेसुद्धा कंपनीच ठरवणार, शार्प-एनईसीसारख्यांनी फक्त बनवून द्यायचं. इथेच धंदा तुंबला. मग आयफोन आला 2008 ला, आणला प्रतिस्पर्धी सॉफ्टबँकने, आणि डोकोमोला तो विकायला 2013 उजाडलं. (सॉफ्टबँकच्या जाहिरातीत घरातले वडील म्हणजे पांढरा कुत्रा, मला अजून कळलं नाही का, पण सगळा देश ती बघायचा.)

ग्राहकाचं काय, तर तीन कंपन्या आणि तिघींचे प्लॅन जवळपास सारखेच. मी ज्या कंपनीचा फोन घेतला तिथे दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, मध्येच सोडलं तर साडेनऊ हजार येन दंड, आणि मुदत संपल्यावर ठरलेल्या काळात जाऊन बंद केलं नाही तर आपोआप पुढची दोन वर्षं! दुकानातली मुलगी फॉर्मवरची ती ओळ अत्यंत नम्रपणे हायलायटरने रंगवून दाखवायची, वाकून नमस्कार करायची आणि सही घ्यायची, भांडणार कोणाशी? 2019 मध्ये सरकारने हा दंड हजार येनवर आणला. त्याआधी 2018 ला पुढे पंतप्रधान झालेले सुगा, तेव्हा ते सरकारचे मुख्य कॅबिनेट सचिव होते, बिलं 40 टक्क्यांनी कमी करता येतील असं जाहीर बोलले होते. 2020 ला राकुतेन ही ऑनलाइन खरेदीवाली कंपनी मोबाईलमध्ये चौथी म्हणून उतरली, पहिल्या 30 लाख ग्राहकांना वर्षभर फुकट, आणि पुढच्याच वर्षी डोकोमोला 20 जीबी तीन हजार येनच्या आत देणं जमलं. इतकी वर्षं का नव्हतं जमत?

याच डोकोमोने टाटांबरोबर 2009 मध्ये सेकंदाला एक पैसा आणला आणि महाराष्ट्रातसुद्धा बाकीच्या कंपन्यांना झक मारत सेकंदाचं बिलिंग आणावं लागलं, हे वाचकांना आठवत असेलच. पुढे भागीदारी मोडली, कोर्टकचेरी झाली, 2017 ला मिटली. म्हणजे घरी तिघांत निवांत बसलेली कंपनी इथे दहाबारा जणांच्या गर्दीत आली की एका पैशावर येते.

आता आपल्याकडेही खासगीत मोठ्या म्हणाव्यात अशा दोनच उरल्यात, तिसरी कशीबशी तग धरून आहे आणि रिचार्ज वाढतच चाललाय. तुमच्या अर्थविषयक पानावर जपानच्या 5जीच्या बातमीऐवजी एकदा तिथल्या बिलांवर, काँट्रॅक्टवर आणि चौथ्या कंपनीवर सविस्तर लेख यावा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे