सहा फुटी रोपांचं सरपण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या मोठ्या रस्त्यावर दुभाजकात गेल्या पावसाळ्यात झाडं लागली आणि होळीपर्यंत वाळलीसुद्धा. त्यातलं ताम्हणाचं एक रोप परवा सहज ओढून पाहिलं, तर अलगद हातात आलं. काळी पिशवी तशीच अंगावर, अन् आत मुळं सुतळीच्या गुंडीसारखी गोल फिरलेली. बाहेरच्या मातीशी त्यांची गाठच पडली नव्हती.

मी बावीस वर्षं रोपवाटिका चालवतो, त्यामुळं यामागचं गणित ठाऊक आहे. निविदेत 'उंची सहा फूट' असतं, मुळाबद्दल चकार शब्द नसतो. मग रोप लहान पिशवीतच दोन-अडीच वर्षं ठेवतात. शेंडा वर जातो, मूळ तळाला लागून गरगरत राहतं. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथं असलं मूळ काय तग धरणार? दीड फुटाचं, सरळ मुळाचं रोप मृगात लावलं तर तिसऱ्या वर्षी याच्या पुढं जातं. पण उद्घाटनाच्या फोटोत ते दिसत नाही ना!

ताम्हण राज्यफूल, म्हणून हौस समजू शकतो. पण ते ओलीचं झाड, कोकणात ओढ्याकाठी शोभतं. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात दुभाजकाला टँकर कोण घालणार? इथं बहावा, कांचन, शंकासूर, पांढरा चाफा लावा. चाफ्याला तर चिकामुळं शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत.

आणि ही रोपं परगावाहून आणायची गरजच नाही. बहाव्याची काळी पडलेली शेंग फोडून चिकट गर धुवायचा. बी तसंच पेरलं तर कठीण कवचामुळं महिनोन्‌महिने खड्यासारखं पडून राहतं. मी बियाच्या डोळ्याची, म्हणजे कोंब फुटतो ती बाजू सोडून ते दगडावर जरा घासतो आणि रात्रभर कोमट पाण्यात टाकतो. सकाळी फुगलेलं बी पेरायचं, बाकीचं पुन्हा घासायचं. चाफ्याची हातभर फांदी मार्चात कापून आठ-दहा दिवस सावलीत नुसती ठेवायची. चीक वाळला की वाळूमिश्रित मातीत खोचायची. ओली लावून वर पाणी ओतलं की कुजलीच म्हणून समजा. पहिल्या वर्षी आमच्या मंडळींनी विचारलं होतं, "हे सरपण सावलीत कशाला मांडलंय?" त्यातलं एक सरपण आता दारात फुलतं.

निविदेत उंचीऐवजी पिशवीचा आकार लिहा. गाडी उतरवून घेण्याआधी दहा-बारा पिशव्या फाडून मुळं बघा. आणि मागणी वर्षभर आधी नोंदवा. जून उजाडला की फोन येतो, "काका, पाचशे झाडं उद्या पाहिजेत." उद्या पाहिजेत म्हटल्यावर परगावच्या ट्रकातलीच मिळणार.

– एक रोपवाटिकाचालक, सेलू (जि. परभणी)