पपई आणि टेन्शनच्या पलीकडंही काही असतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.
कालच्या महिला पुरवणीतला वारंवार होणाऱ्या गर्भपातावरचा लेख वाचला. पपई खाऊ नका, स्कूटीवर बसू नका, टेन्शन घेऊ नका. बरं झालं सांगितलंत, आमच्या परभणीकडं कुणाला ठाऊकच नव्हतं! रक्ताच्या गुठळ्या, एपीएस (अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे शरीराच्याच अँटीबॉडीजमुळं रक्तात गुठळ्या होतात तो आजार), याचा मात्र अख्ख्या लेखात एक शब्द नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला पहिल्या खेपेला व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली. ती टेस्ट गुप्तरोगाची, त्यामुळं सासरी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, सासूनं तिचं ताट-वाटी वेगळं काढलं एवढंच सांगते. नंतर त्याच रोगाची खात्री करायची टेस्ट, टीपीएचए, निगेटिव्ह आली, म्हणजे तो रोग नव्हताच, पण ते समजावून सांगायला कुणाला टाइम होता? व्हीडीआरएलमध्ये कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ वापरतात आणि एपीएसच्या अँटीबॉडीज त्यालाच चिकटतात, म्हणून ती खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. पहिली खूण तीच होती हो, पुढं कुणी बघितलंच नाही. ते मूल राहिलं नाही, पुढचंही नाही, आणि तिसऱ्याला सातव्या महिन्यात बीपी भडकलं, वारेतून रक्त नीट जाईना, बाळ पोटातच गेलं. मग काय, बाहेरचं आहे म्हणून लिंबू-नारळ सुरू.

शेवटी संभाजीनगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-2 ग्लायकोप्रोटीनच्या तपासण्या लिहून दिल्या, 12 आठवड्यांनी परत करायला लावल्या, कारण एका रिपोर्टवर हे ठरवत नाहीत. दिवस राहिल्यावर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि रोज पोटात हेपॅरिनचं, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनचं, इंजेक्शन, बाळंतपणानंतरही 6 आठवडे. ती इंजेक्शनं 25 डिग्रीच्या आत ठेवायची, आमच्याकडं मे महिन्यात पारा 42 वर आणि लाइटचा भरवसा नाही, त्यामुळं डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवलेला असायचा. पोट सगळं काळंनिळं. पोरगी झाली, आता अंगणवाडीत जाते आणि कुणाचं ऐकत नाही.

प्रत्येक गर्भपात यानंच होतो असं नाही, मान्य. पण ग्रॅहम ह्यूज यांनी हा आजार 1983 साली मांडलाय, तुमच्या लेखिकाबाईंपर्यंत पोचायला 40 वर्षं कमी पडली का?

आणि हो, त्याच पानावर खाली 'संतानप्राप्तीची हमी, फोनवर उपाय' अशी चौकट होती. असल्याच एका नंबरवर बहिणीच्या सासूनं पैसे घातलेत. लेखाला जागा कमी पडत असेल तर ती चौकट काढा की! पत्र कापायचंच असेल तर माझा राग कापा, तपासण्यांची नावं तेवढी नीट छापा.

एक वाचक, जि. परभणी