गणपती आळीच्या घाटावरच्या फुलवाल्या मावशींना

मावशी,

सादर नमस्कार. हे पत्र तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल अशा भरवशावर लिहितेय. डिसेंबरातल्या सकाळी पांढऱ्या-तपकिरी कुत्रीला घेऊन आलेली पुण्याची दोघं, ती आम्ही. कुत्रीचं नाव चिंगी, एवढं सांगितलं की तुम्हाला आठवेल.

कुत्रं घेऊन वाई बघायची तर थंडीतच. उन्हाळ्यात घाटाचा काळा दगड असा तापतो की त्यावर पंजे टेकवणार कसे? पण खरी अडचण दगडाची नसतेच, घाटावरच्या कुत्र्यांची असते. पायऱ्या त्यांच्या, परकं कुत्रं दिसलं की टोळी उठणारच. तशी ती उठली, तेव्हा तुम्ही काठी शोधली नाहीत. हार ओवता ओवताच म्हणालात, "दोरी ढिली सोड की. तू ताणतीयास म्हनून ती बिथरतीया." मग काळ्याला नावानं हाक मारलीत. त्यानं चिंगीला हुंगलं, शेपूट हलवली, आणि बाकीच्यांचाही जोर ओसरला. मोठमोठी फी घेणारे प्रशिक्षक हेच शिकवतात, पण हार ओवता ओवता नाही.

नंतर चिंगीला स्वतःजवळ बसवून आम्हाला दर्शनाला पाठवलंत. नाहीतर एकानं आत आणि एकानं बाहेर, हे आमचं नेहमीचंच. दोघं मिळून ढोल्या गणपतीसमोर उभे राहिलो. गणपतराव रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेलं देऊळ. कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली. ती नीट बघायला मागच्या बाजूला गेलो आणि तिथेच रेंगाळलो. तुम्ही घाई केली नाहीत.

मेणवलीला "उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत जावा" हा सल्लाही तुमचाच. रस्ता मोकळा मिळाला, हळदीच्या वावरांवर धुकं होतं, चिंगी आमच्यापुढे. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट बघितला आणि देवळाजवळची ती घंटाही: तिच्यावर 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर ती इकडे आली म्हणतात. चिंगीला तिच्यात काडीचा रस नव्हता, ती पाण्यातल्या बगळ्यावर डोळा ठेवून होती.

परतल्यावर पैसे देऊ केले तर तुम्ही फक्त दूर्वांच्या जुडीचे घेतलेत. तुमच्यापुढे वाद घालण्यात अर्थ नाही, हे तेवढ्यात कळलं होतं.

कृष्णाबाईच्या उत्सवाला पुन्हा येतोय. रात्री गाडीच्या दिव्यात चमकणारे गळ्यातले पट्टे काळ्यासाठी आणि त्याच्या टोळीसाठी आणणार आहोत. ते त्यांच्या गळ्यात बांधायला मात्र तुम्हीच लागाल.

तुमची,
चिंगीची आई