आधी अनुभवाचे पत्र, मग शिकवणी

छत्रपती संभाजीनगर

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे परभणीहून आलेले पत्र मिळाले. सोयाबीनचे पैसे हाती येताच अमेरिकेच्या विमान मेकॅनिक प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी शिकवणी लावायचा तुझा विचार आहे. माझी कळकळीची विनंती आहे की, एक रुपयाही भरण्याआधी तू कंपनीकडून अनुभवाचे पत्र नीट लिहून घ्यावेस.

आपल्या डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परवान्यावरून तिकडचे प्रमाणपत्र थेट मिळत नाही. एअरफ्रेम (इंजिन सोडून बाकीचे विमान) किंवा पॉवरप्लांट (इंजिन) यांपैकी एकासाठी १८ महिन्यांचा, दोन्ही एकत्र हवे असल्यास ३० महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा, निरीक्षक ही कागदपत्रे तपासून अर्जावर, म्हणजे फॉर्म ८६१०-२ वर, सही करतो, तेव्हाच परीक्षेची वाट मोकळी होते. मी काम करीत होतो त्या कंपनीने मला ‘समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीचे पत्र दिले होते. कोणते विमान, कोणत्या तारखांना, लँडिंग गिअर उतरवले की इंजिनाची बोरोस्कोप तपासणी (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने आतून पाहणी) केली, यातले त्यात काहीच नव्हते. ते पुन्हा मिळवताना, सही करणारे साहेब नोकरी सोडून गेलेले असल्यामुळे, मला फार मनस्ताप झाला. तुझ्या वाट्याला तो येऊ नये.

दुसरी गोष्ट एफएएच्या नियम ६५.३ ची. अमेरिकेचा नागरिक किंवा तेथील कायम रहिवासी नसलेल्या माणसाला त्या देशाबाहेर हे प्रमाणपत्र हवे असेल, तर अमेरिकेत नोंदणी झालेल्या विमानाच्या देखभालीसाठी ते आवश्यक आहे, असे एफएएला पटावे लागते. तुझ्या हँगरमध्ये तशी विमाने येत नसतील, तर तिकडे जाऊनच अर्ज करणे भाग आहे, आणि खरा खर्च तोच आहे. शिवाय प्रमाणपत्र मिळाले म्हणून तेथे नोकरी करण्याची मुभा मिळत नाही. त्यासाठीचा व्हिसा वेगळा.

लेखी परीक्षांत ७० टक्के गुण लागतात, ते तुला जड नाहीत. तोंडी परीक्षा मात्र इंग्रजीतून असते आणि आपण दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेलो. म्हणून मेंटेनन्स मॅन्युअलचे एक पान रोज मोठ्याने वाच आणि ते काम कसे करायचे, हे इंग्रजीतूनच समोरच्याला समजावून सांगण्याचा सराव कर. लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक या साऱ्या परीक्षा २४ महिन्यांच्या आत पूर्ण व्हाव्या लागतात, हेही ध्यानात ठेव.

दिवाळीला येशील तेव्हा अनुभवपत्राचा मसुदा आणि तुझे लॉगबुक सोबत आण. आपण दोघे बसून तारीख न् तारीख ताडून पाहू.

तुझा,
अनिल