नावं विचारायची राहिली, त्यांचे आभार

आईला स्तनाचा कॅन्सर निघाला आणि अमळनेरहून परळच्या टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या सुरू झाल्या.

कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासात स्लीपर, थर्ड एसीला पूर्ण सवलत आणि सोबतच्याला ७५ टक्के, हे जळगाव स्टेशनच्या तिकीट खिडकीवरच्या दादांनी स्वतःहून सांगितलं. हॉस्पिटलचा दाखला कसा लागतो तेही लिहून दिलं. महात्मा फुले योजनेत केमो बसते, हे रांगेतल्या एका काकांकडून कळलं. खरं तर ही माहिती निदान होतं त्याच दिवशी मिळायला हवी.

आणि दादरच्या धर्मशाळेतल्या धुळ्याच्या मावशी! केमोनंतर आईचं तोंड आतून सोलवटलं होतं, पाणीसुद्धा झोंबायचं. मावशींनी ज्वारीच्या पिठाची पातळ पेज केली, मिरची नाही, मसाला नाही. पार निववली आणि "खाई ले व माय" म्हणत चमच्या-चमच्याने भरवली. त्यांचे यजमान तेव्हा रेडिएशनवर होते, तरी.

मावशी, आई आता भाकरी खाते. तुम्ही सगळ्यांनी आम्हाला उभं केलंत, मनापासून आभार. अमळनेर-चोपडा भागातून कुणी पहिल्यांदा परळला निघत असेल, तर सवलतीचा फॉर्म भरायला मी सोबत येईन.