डिस्चार्जचा कागद घाईत घेऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'डॉक्टर सकाळीच घरी जा म्हणाले, सुटका झाली दुपारी तीनला' ही तक्रार वरचेवर वाचायला मिळते. तक्रार खोटी नाही. पण मधल्या वेळात काय चालतं ते वॉर्डात ताटकळणाऱ्या नातेवाइकाला कुणी सांगत नाही, आणि सगळा राग बिलाच्या खिडकीवर निघतो.

राउंड संपवून निवासी डॉक्टर डिस्चार्ज कार्ड लिहायला बसतो. न वापरलेली इंजेक्शनं, सलाइन सिस्टर मोजून फार्मसीला परत पाठवतात. त्याची वजावट झाल्याशिवाय बिल बंद होत नाही. विमा असला तर अंतिम बिल आणि कार्ड कंपनीकडे जातं, मग मंजुरीची वाट. उद्या सोडायचं हे आदल्या संध्याकाळी ठरलं, तर यातलं निम्मं काम रात्रीच उरकतं. जी रुग्णालयं तेवढंही करत नाहीत, त्यांच्यावर खुशाल रागवावं.

कार्ड हातात पडल्यावर मात्र घाई नको. खरा घोळ औषधांत होतो. मधुमेहाच्या पेशंटला ॲडमिट असताना बऱ्याचदा गोळ्या थांबवून इन्सुलिन देतात. कार्डावर इन्सुलिन लिहिलं आणि जुन्या गोळ्यांचं काय ते लिहायचं राहिलं, की घरी दोन्ही सुरू होतं. त्यात आजारपणामुळे जेवण अर्ध्यावर आलेलं. साखर ७०च्या खाली उतरते, दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, आणि पेशंट पुन्हा कॅज्युअल्टीत. ब्लड प्रेशरच्या गोळीचंही तसंच: घरातली एका कंपनीची, कार्डावरची दुसऱ्या, आत औषध एकच, आणि पोटात दुप्पट डोस. म्हणून घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून आणाव्यात, सिस्टरांसमोर टेबलावर ओताव्यात आणि एकेक कार्डाशी ताडून घ्यावी: चालू, बंद, की डोस बदलला? स्ट्रिपवर दोन नावं असतात: एक कंपनीने ठेवलेलं, दुसरं आतल्या औषधाचं. वाचायचं ते औषधाचं. ऑपरेशनसाठी रक्त पातळ करणारी गोळी थांबवली असेल, तर ती पुन्हा कधी घ्यायची याची तारीख हवी. 'नंतर सुरू करा' ही तारीख नव्हे.

दुसरी गळती रिपोर्टांची. रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे रक्तात कोणते जंतू आहेत ते वाढवून बघायच्या तपासणीचा, अंतिम रिपोर्ट यायला साधारण ५ दिवस लागतात आणि पेशंट तिसऱ्या दिवशीच घरी गेलेला असतो. चालू अँटिबायोटिकला जंतू दाद देत नाहीत असं त्यात निघालं, तरी रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये पडून राहू शकतो, कारण तो बघणं नेमून दिलेलं कुणाचंच काम नसतं. कोणते रिपोर्ट यायचे बाकी आहेत आणि ते कोण कळवणार, हे कार्डावरच लिहून घ्यावं.

निघताना बाही वर करून हात बघावा. सलाइनची प्लास्टिकची नळी तशीच राहून पेशंट घरी पोचल्याचे प्रकार घडतात. ती काढल्यावर कापसाने २-३ मिनिटं घट्ट दाबून धरावं, चोळू नये.

राहता राहिलं 'त्रास झाल्यास दाखवा' हे छापील वाक्य. कसला त्रास? १००.४च्या वर ताप, टाक्यांतून पू, एकाच पायाला सूज, असं स्पष्ट लिहून मागावं. आणि शेजारी रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर.

आपली विश्वासू,
वॉर्डातली एक परिचारिका